एल्डर म्हणे! मॉर्मन मिशनरी पोरं दिवसभर नेमकं करतात काय

आई पहिल्यांदा आमच्याकडे आली होती तेव्हाची गोष्ट. जानेवारी, बाहेर बर्फ, दुपारी बेल वाजली म्हणून तिने दार उघडलं तर समोर दोन गोरी पोरं, पांढरा शर्ट, टाय, वर ओव्हरकोट, छातीवर छोटी काळी पाटी. आईने आपलं "कम, कम" केलं तर पोरं जागची हलेनात. मी वरून मीटिंग सोडून खाली आले तर त्यातला एकजण अगदी अदबीने विचारत होता की घरात कोणी पुरुष माणूस आहे का. नवरा ऑफिसला. मग म्हणे आम्ही इथेच थांबतो. तोवर आईने चहा टाकलाच होता, ती कप घेऊन दारात आली, तर तोही नको. आई माझ्याकडे वळून म्हणाली, अगं आत येत नाहीत, चहा घेत नाहीत, मग आलेत कशाला?

शेवटी तिने हळद घालून दूध दिलं, ते मात्र दोघांनी उभ्याउभ्या संपवलं.

आम्ही अमेरिकेतल्या युटा राज्यात राहतो, सॉल्ट लेक सिटीच्या दक्षिणेला लीहाय नावाचं गाव आहे तिथे, आयटीतले बरेच मराठी लोक आता ह्या पट्ट्यात आहेत. गावाचं नावसुद्धा मॉर्मन लोकांच्या ग्रंथातल्या एका माणसाचं आहे. इथे राहून ह्या पोरांबद्दल बरंच कळलं, आणि दर वेळी नवीन आलेलं कोणी ना कोणी विचारतंच की हे सेल्समन आहेत का, पैसे मागतात का, धर्म बदला म्हणून मागे लागतात का, तर एकदाचं लिहून टाकते. मी स्वतः त्यांच्या चर्चची नाही आणि होणारही नाही, पण शेजारणीचा मुलगा ह्यातून गेला, त्यामुळे घरातली बाजूही बघायला मिळाली.

आधी थोडक्यात चर्चबद्दल. नाव भलतंच लांब आहे, द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. मॉर्मन हे लोकांनी दिलेलं नाव, ते त्यांच्या 'बुक ऑफ मॉर्मन' ह्या ग्रंथावरून पडलं, आणि २०१८ मध्ये त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन ह्यांनी सांगितलं की आम्हाला मॉर्मन म्हणू नका, पूर्ण नाव घ्या. पण सगळं जग अजून मॉर्मनच म्हणतं आणि मीही सोयीसाठी तेच लिहितेय. १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथने हे चर्च काढलं, १८४४ मध्ये इलिनॉयमध्ये जमावाने त्याला तुरुंगात घुसून मारलं, मग ब्रिगम यंग नावाचा पुढारी लोकांना घेऊन पश्चिमेला निघाला आणि १८४७ मध्ये इथे सॉल्ट लेकच्या खोऱ्यात येऊन त्यांनी गाव वसवलं. आज जगभरात पावणेदोन कोटींच्या आसपास सभासद आहेत.

आता ती पोरं. अठरा वर्षांची झाली की मिशनवर, म्हणजे घर सोडून धर्मप्रचाराला, जाता येतं. पूर्वी मुलांना एकोणीस आणि मुलींना एकवीस पूर्ण असावी लागायची, २०१२ मध्ये ते अठरा आणि एकोणीस केलं आणि आता मुलींनाही अठराव्या वर्षी जाता येतं. मुलांसाठी दोन वर्षं, मुलींसाठी दीड वर्ष. मुलांना हे कर्तव्य म्हणून सांगितलं जातं, मुलींना इच्छा असेल तर. आणि गंमत म्हणजे ह्या काळात नावाने हाक मारायची नाही, मुलाला एल्डर आणि पुढे आडनाव, मुलीला सिस्टर आणि आडनाव. एल्डर म्हणजे वडीलधारी! मिसरूड न फुटलेल्या पोराला वडीलधारी म्हणायचं हे मी आईला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की विचारू नका.

पगार शून्य. उलट स्वतःच्या खिशातून भरायचे. अमेरिकेतल्या मुलांना २०२० पासून महिन्याला ५०० डॉलर चर्चकडे भरावे लागतात, म्हणजे दोन वर्षांचे झाले १२,०००. जपानला पाठवलं काय किंवा पेरूला, रक्कम तीच, सगळे पैसे एका मोठ्या फंडात जातात आणि तिथून ज्या त्या ठिकाणच्या महागाईप्रमाणे पोराला खर्चाला मिळतात. शेजारीण सांगत होती की मुलगा पाच-सहा वर्षांचा असल्यापासून त्याच्या डब्यात मिशनचे पैसे वेगळे टाकायची, पुढे त्याने पिझ्झाच्या दुकानात काम करून बाकीचे जमवले. त्यामुळे ती पोरं दारात पैसे मागतील ही भीती काढून टाका.

कुठे जायचं हे मुलाला निवडता येत नाही. आधी अर्ज, मग बिशपची मुलाखत (बिशप म्हटलं की आपल्याला झगेवाला माणूस दिसतो, इथे तो गल्लीतलाच कोणीतरी असतो, बिनपगारी, आमच्या भागातला दातांचा डॉक्टर आहे), मग डॉक्टरची तपासणी, दात तपासणी, इथली निम्मी पोरं जायच्या आधी अक्कलदाढा काढून घेतात कारण परदेशात ऐनवेळी दाढ दुखली तर कोण बघणार. मग अर्ज सॉल्ट लेकला जातो आणि तिथे बारा प्रेषितांच्या मंडळातला, म्हणजे चर्चच्या सगळ्यात वरच्या पुढाऱ्यांपैकी, एकजण प्रत्येक मुलाला जागा नेमून देतो. त्यांची श्रद्धा अशी की ही नेमणूक देवाच्या प्रेरणेने होते. पूर्वी जाडजूड पांढरा लिफाफा पोस्टाने यायचा, २०१८ पासून ईमेलवर लिंक येते, पण सोहळा तसाच, सगळे नातेवाईक जमतात, भिंतीवर जगाचा नकाशा, प्रत्येकाने आपला अंदाज म्हणून पिन टोचायची, आणि मग मुलगा मोठ्याने वाचतो. आपल्याकडे दहावीच्या निकालाला सायबर कॅफेत गर्दी व्हायची ना, चेहरे अगदी तसेच. शेजारणीच्या मुलाला आलं जपान, साप्पोरो. त्याने पिन टोचली होती ब्राझीलला.

मग ट्रेनिंग सेंटर. सगळ्यात मोठं आमच्यापासून अर्ध्या तासावर प्रोव्होला आहे, तिथे पन्नासहून जास्त भाषा शिकवतात. स्वतःच्याच भाषेत काम करायचं असेल तर साधारण तीन आठवडे, नवी भाषा असेल तर सहा ते नऊ. नऊ आठवड्यांत जपानी! पद्धत अशी की जवळजवळ पहिल्याच आठवड्यापासून तोडक्यामोडक्या भाषेत शिकवायलाच लावतात, समोर शिक्षकच घरमालकाचं सोंग घेऊन बसतो, आडवेतिडवे प्रश्न विचारतो, आणि ह्या पोरांनी त्याला प्रार्थना कशी करायची ते सांगायचं. व्याकरण चुकलं तर चुकलं. तरी मुलगा म्हणायचा की साप्पोरोला उतरल्यावर पहिल्या दिवशी एक शब्द कळला नाही, त्याला वाटलं आपल्याला ट्रेनिंगमध्ये दुसरीच कुठली तरी भाषा शिकवली.

आता मूळ मुद्दा, जो मला स्वतःला कळायला फार वेळ लागला. बाहेरून बघताना आपल्याला टाय दिसतो, पुस्तक दिसतं, सायकल दिसते, पण हे सगळं यंत्र उभं आहे ते जोडीवर. दोघं म्हणजे दोघंच, त्यांच्यात ह्याला कंपॅनियन म्हणतात. नियम असा की जोडीदार कायम नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात पाहिजे, बाथरूम सोडून. एकाच खोलीत झोपायचं, एकत्र व्यायाम, एकत्र स्वयंपाक, एकाला डॉक्टरकडे जायचं असेल तर दुसराही बसणार बाहेर. गाडी मागे घ्यायची असेल तर एकाने उतरून मागे उभं राहून हात दाखवायचा, हे तुम्ही इथल्या कुठल्याही पार्किंगमध्ये बघू शकता, कॅमेरा असलेल्या गाडीतसुद्धा. आणि हा जोडीदारही तुम्ही निवडायचा नाही, मिशन प्रेसिडेंट, म्हणजे त्या भागातल्या मिशनऱ्यांचा प्रमुख, ठरवतो, साधारण सहा आठवड्यांनी बदल्यांचा फोन येतो आणि कधी तुमची जोडी मोडते, कधी राहते, कधी दोन बॅगा उचलून दुसऱ्या गावाला.

विचार करा, अठरा-एकोणीसचं वय, घरी स्वतःची वेगळी खोली असलेली अमेरिकन पोरं, आणि अचानक चोवीस तास एका अनोळखी माणसाबरोबर, तो घोरतो, तो भांडी घासत नाही, तो पहाटे गुणगुणतो. भांडणं होतातच. म्हणून आठवड्यातून एकदा समोरासमोर बसून आपलं काय चाललंय, काय खटकतंय हे एकमेकांना सांगायची बैठकच असते, वेळापत्रकात लिहिलेली. मला ही कल्पना जाम आवडली, लग्न ठरलेल्या लोकांना ह्याचा क्लास लावायला पाहिजे. शेजारणीच्या मुलाचा एक जोडीदार जपानीच होता, दोघांचं पहिलं भांडण सुरू झालं मोज्यांवरून आणि संपलं डिक्शनरी उघडून, कारण रागात त्याला शब्दच आठवेनात.

दिवस कसा असतो ते सांगते. साडेसहाला उठायचं, अर्धा तास व्यायाम, आंघोळ, नाश्ता, मग एकट्याने वाचन, मग दोघांनी मिळून वाचन, भाषा शिकत असतील तर तिचा तास, आणि दहाच्या आसपास बाहेर. रात्री नऊ-साडेनऊला घरी, दुसऱ्या दिवसाची आखणी, साडेदहाला दिवे बंद. देशाप्रमाणे हे थोडं पुढेमागे होतं. टीव्ही नाही, सिनेमा नाही, पोहणं नाही, डेटिंग तर नाहीच. फोन मिळतो पण चर्चच्या कामापुरता. आठवड्यातला एक दिवस, बहुतेक ठिकाणी सोमवार, तयारीचा, म्हणजे कपडे धुणं, किराणा, केस कापणं, थोडा बास्केटबॉल, आणि घरी फोन. हा फोन आत्ता आत्ता सुरू झालाय बरं का, २०१९ च्या फेब्रुवारीपर्यंत वर्षातून फक्त दोनदा, ख्रिसमसला आणि मदर्स डेला, घरचा आवाज ऐकायला मिळायचा, बाकी पत्रं आणि ईमेल. आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल करता येतो. जपानचा सोमवार सकाळ म्हणजे आमचा रविवार संध्याकाळ, त्या वेळेला शेजारणीकडे कोणी बेल वाजवायची नाही हे आख्ख्या गल्लीला माहीत होतं.

आणि दिवसभर बाहेर काय? तर मुख्यतः नकार ऐकणं. जपानमध्ये तर दारसुद्धा उघडत नाहीत, इंटरकॉमवरूनच "केक्को देस", म्हणजे नको, ठीक आहे. साप्पोरोच्या हिवाळ्यात गुडघाभर बर्फातून चालत जायचं आणि भिंतीतल्या डब्यातून केक्को देस ऐकून पुढच्या घरी. शेजारणीचा मुलगा म्हणायचा, शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं, निदान कोणीतरी आपल्याला बघितलं असं तरी झालं असतं. चर्चचेच आकडे घ्या. २०२४ मध्ये शिकवण्याचं काम करणारे मिशनरी साधारण ७४ हजार होते, आणि त्या वर्षी बाप्तिस्मा घेऊन नव्याने आलेले लोक सुमारे ३ लाख ८ हजार. भागाकार केला तर माणशी वर्षाला चार. तेही सरासरी झाली, आफ्रिकेत आणि फिलिपिन्समध्ये भरपूर, युरोपात आणि जपानमध्ये नावाला. ह्याला दोन वर्षांत मिळाले तीन, त्यातल्या एक आजीबाई.

ह्या नकारावरच जोडीचं औषध आहे असं मला वाटतं. एकटा पोरगा चौथ्या दिवशी विमानतळ गाठेल. दोघं असले की एकजण खचतो तेव्हा दुसरा लाजेकाजेस्तव तरी पुढचं दार वाजवतो. आता दारोदार फिरणं तसं कमीही झालंय, सभासदांच्या ओळखीतून किंवा फेसबुकवरून लोक शोधतात, आणि जपानमध्ये तर फुकट इंग्लिश क्लास घेतात, एइकाइवा म्हणतात त्याला. दर आठवड्याला चर्चच्या हॉलमध्ये आजीआजोबा, शाळेतली मुलं, नोकरीवाले लोक येतात, हे पोरगं फळ्यावर इंग्लिश शिकवतं, शेवटी थोडं धर्माचं बोलतात, ज्याला थांबायचं तो थांबतो. बहुतेक सगळे इंग्लिश झालं की उठतात. पण त्याच्या सगळ्यात छान आठवणी त्या क्लासच्याच आहेत, निवृत्त पोस्टमन होता म्हणे एक, तो दोन वर्षं न चुकता आला, धर्माच्या वेळेला न चुकता उठून गेला, आणि निरोपाच्या दिवशी ह्याला हाताने लिहिलेलं इंग्लिश पत्र दिलं.

कोणी ऐकायला तयार झालाच तर काय शिकवतात? त्यांचं एक मार्गदर्शक पुस्तक आहे, २००४ पासूनचं, २०२३ मध्ये नव्याने काढलं. पूर्वी पाठांतर असायचं, आता मुद्दे ठरलेले आणि शब्द आपापले. पहिला धडा जोसेफ स्मिथचा, म्हणजे चौदा वर्षांचा मुलगा, आजूबाजूला इतकी चर्च, खरं कुठलं म्हणून १८२० मध्ये रानात जाऊन प्रार्थना करतो, त्याला देव आणि येशू दिसतात, पुढे देवदूत त्याला सोन्याच्या पत्र्यांवर लिहिलेला ग्रंथ दाखवतो आणि तो त्याचं भाषांतर करतो, तेच बुक ऑफ मॉर्मन. दुसरा धडा आपण कुठून आलो आणि मेल्यावर कुठे जाणार. इथे आपल्या लोकांचा हमखास गोंधळ होतो. ते म्हणतात जन्माआधीही आपण होतो, की आपण लगेच मान डोलावतो, हो हो पूर्वजन्म. तसं नाही. त्यांच्या मते जन्माआधी आपण आत्म्याच्या रूपात देवाजवळ होतो, मग पृथ्वीवर एकदाच जन्म, आणि मेल्यावर तीन पातळ्यांचे स्वर्ग. फेरा नाही. माझ्या नवऱ्याने त्यांना अर्धा तास चौऱ्याऐंशी लक्ष योनी समजावून सांगितल्या, त्यातल्या एकाने वहीत लिहूनही घेतलं बिचाऱ्याने.

मग येशूवरची श्रद्धा, पश्चात्ताप, बाप्तिस्मा, आणि शेवटी पाळायचे नियम. उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला. लग्नाबाहेर शरीरसंबंध नाहीत. दारू, तंबाखू, कॉफी, चहा नाही, १८३३ मधल्या शिकवणीवरून आलेला नियम आहे हा, आईच्या चहाचं उत्तर ते. चहा म्हणजे चहाच्या पानाचा, ग्रीन टी पण आलाच, त्यामुळे जपानमध्ये पोरांची पंचाईत, मग ते मुगिचा पितात, भाजलेल्या जवाचं पाणी. थंड कोला मात्र चालतो, आणि युटात लोक कोल्यात क्रीम आणि नारळाचं सिरप घालून काय काय पितात ते वेगळ्या लेखाचं काम आहे.

शिकवायच्या पद्धतीत वाद घालणं बसत नाही. तुम्ही कितीही मुद्देसूद विचारा, पोरगं फिरून एका जागी येतं, तुम्ही स्वतः वाचा, स्वतः प्रार्थना करा, आणि उत्तर मिळतंय का बघा. आणि प्रत्येक भेटीच्या शेवटी छोटा शब्द घेतात, एवढी पानं वाचाल का, रविवारी याल का, पुढे अमुक तारखेला बाप्तिस्मा घ्याल का. इथे मला थोडं खटकतं. समोरचा माणूस एकटा असेल, नवीन शहरात आला असेल, कोणीतरी आठवड्यातून दोनदा प्रेमाने विचारपूस करतंय म्हटल्यावर नाही म्हणणं जड जातं, आणि मग तो हो कशाला म्हणाला, धर्माला की त्या दोन पोरांना, हे त्यालाही सांगता येणार नाही. आणि सहा आठवड्यांनी त्या पोराची कदाचित बदलीही झालेली असते. दुसरी गोष्ट म्हणजे पोरांना अवघड प्रश्न पडतात ते दारातच. १८९० पर्यंत चर्चमध्ये एकापेक्षा जास्त बायका करायची पद्धत होती, १९७८ पर्यंत काळ्या पुरुषांना पौरोहित्य नव्हतं, हे कोणीतरी तोंडावर फेकतं आणि अठरा वर्षांच्या पोराकडे उत्तर नसतं. रात्री जोडीदाराशीच बोलायचं, आणि त्यालाही माहीत नसतं.

काही पोरं मध्येच परत येतात, आजारी पडून, किंवा मन लागत नाही म्हणून. आमच्या ओळखीत एक मुलगी पाच महिन्यांत आली. तिच्याशी सगळे फार गोड बोलायचे, आणि कोणी काही विचारायचं नाही, तेच तिला सहन व्हायचं नाही. हल्ली घरी राहूनच सेवा करायची वेगळी सोयही आहे, अन्नछत्रात, गोदामात वगैरे, पण ह्या गावात तिला त्या सुटकेसवाल्या मिशनइतका मान आहे असं मला तरी दिसलं नाही.

आपल्याकडे हे नवीन आहे असं वाटत असेल तर तसंही नाही. ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत आला होता आणि पुण्यातही त्याने छोटीशी मंडळी जमवली होती, ती काही टिकली नाही आणि १८५० च्या दशकातच ते सगळे भारतातून परत गेले. आता बंगळुरूला १९९३ पासून त्यांचं मिशन आहे. आईला ह्यातलं एकच महत्त्वाचं वाटलं. जेवतात कुठे? मी सांगितलं की खर्चाला थोडे पैसे मिळतात, आणि बऱ्याच ठिकाणी चर्चमधली कुटुंबं वार लावून जेवायला बोलावतात. म्हणजे वारावरच जेवतात की, आई म्हणाली, तुझे पणजोबा पुण्यात असेच शिकले. त्यानंतर परत जाईपर्यंत तिने नवरा घरी असेल तो दिवस धरून चार वेळा त्या पोरांना जेवायला घातलं. तिसऱ्या वेळी एकजण बदलून दुसराच आला तर ती नाराज, आधीच्याला थालीपीठ आवडायचं म्हणे.

शेजारणीचा मुलगा गेल्या वर्षी परत आला. विमानतळावर फुगे, बॅनर, आजीआजोबा, सगळं. त्याच संध्याकाळी स्टेक प्रेसिडेंट, म्हणजे बिशपच्या वरचा माणूस, त्याला रीतसर मोकळं करतो आणि छातीवरची पाटी काढायची. शेजारीण सांगत होती की त्या रात्री तो त्याच्या खोलीत झोपलाच नाही, दोन वर्षांत एकदाही खोलीत एकटा झोपला नव्हता ना, मध्यरात्री उशी घेऊन धाकट्या भावाच्या खोलीत जाऊन जमिनीवर पडला.

तीन-चार दिवसांनी आमच्याकडे आला, जीन्स आणि टीशर्टमध्ये, जपानहून आणलेली बिस्किटं घेऊन. दारात बूट काढले, न सांगता. आत यायच्या आधी सवयीने एकदा डावीकडे वळून बघितलं, कोणी नव्हतं. मी त्याचवेळी आईशी व्हिडिओ कॉलवर होते, फोन त्याच्याकडे वळवला, त्याने हात जोडून नमस्ते केलं. आईने चष्मा वर करून नीट बघितलं आणि मला विचारलं, हा एकटाच कसा गं, दुसरा कुठाय?